चढावर इंजिन खडखडतंय? पेट्रोल बदलायच्या आधी हे तपासा

ऑक्टोबर हीट सुरू झाली की माझ्या गाडीचं हे दुखणं डोकं वर काढतं. २०२५ च्या ऑक्टोबरात ते परत आलं तेव्हा मी ठरवलं की आता याचा छडा लावायचाच, कारण दोन वर्षं मी फक्त पैसे खर्च करत होते आणि प्रॉब्लेम तिथल्या तिथेच होता. जे जे केलं, जे चुकलं आणि शेवटी जे सापडलं ते सगळं लिहितेय, कारण हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आमच्या सोसायटीतलेच तिघंचौघं आलेत आणि प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो की कुठलं पेट्रोल टाकू.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. रोजचा रूट मुंबईत भांडुप ते सीप्झ, म्हणजे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता), म्हणजे मेट्रो सहाच्या कामातून वाट काढत जायचं. गांधीनगरचा फ्लायओव्हर चढताना एसी चालू असेल, पुढे ट्रॅफिक रांगत असेल आणि मी अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की बॉनेटमधून आवाज, स्टीलच्या डब्यात मूठभर चणे घालून हलवल्यासारखा. पाय काढला की बंद, दाबला की चालू. सकाळी थंड गाडीला कधीच नाही, संध्याकाळी परत येताना हमखास.

आता सल्ले किती मिळाले सांगते. ऑफिसात एकाने सांगितलं पंप बदल, तो भेसळ करतो. दुसरा म्हणाला प्रीमियम ९५ टाक, म्हणजे ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल (ऑक्टेन म्हणजे काय ते पुढे सांगते). तिसरा म्हणाला एकदा १०० ऑक्टेनची टाकी फुल कर, सगळं साफ होईल. चुलत भावाने ऑक्टेन बूस्टरची बाटली आणून दिली. मी हे सगळं केलं. पंप बदलला, फरक नाही. मग दिवाळीच्या आठवड्यात ९५ चं प्रीमियम भरलं आणि आवाज गेला! मी दहा जणांना सांगितलं की बघा, पेट्रोलच खराब होतं. भाऊबीज झाली, ऑफिसं सुरू झाली, गाडीत तेच प्रीमियम असतानाच सोमवारी संध्याकाळी फ्लायओव्हरवर डबा परत वाजायला लागला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की दिवाळीत पेट्रोल बदललं हे खरं, पण त्याच आठवड्यात रस्तेही रिकामे होते, गाडी कुठे रांगतच नव्हती. मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय सगळं पेट्रोलला दिलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत तारखेसकट लिहा.

हा आवाज म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही. सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो, दाबलं की ते तापतं, मग प्लग ठिणगी टाकतो आणि आग एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत जाते. लवंगी माळ कशी वातीकडून एकेक फुटत जाते तसं. पण माळेचं दुसरं टोकही मधेच पेटलं तर काय होईल, तेच नॉकिंग. ज्वाला पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं आणि तो धक्का आपल्याला टकटक, खडखड असा ऐकू येतो. ऑक्टेन नंबर म्हणजे असं आपोआप न पेटता पेट्रोल किती दाब आणि उष्णता सहन करू शकतं त्याचं माप. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही, शुद्धता नाही, आणि सफाई तर नाहीच. सफाई करतं ते अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं रसायन, ते वेगळं.

म्हणजे ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्याला १०० देऊन इंजिन जास्त पळत नाही. आणि ज्याला ९५ लागतं त्याला ९१ दिलं तर आजच्या गाड्यांमध्ये नॉक सेन्सर असतो, तो आवाज पकडतो, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे नेतो, आवाज थांबतो पण पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही पडतात. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला हे काही नव्हतं, तेव्हा मेकॅनिक गाडी चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हाताने इतकुसा फिरवायचा, कान बॉनेटकडे, आणि बरोबर जागेवर आला की स्क्रू घट्ट करायचा. मी लहानपणी ते बघत उभी राहायचे. आता ते काम सेन्सर दर क्षणाला करतो, आणि सेन्सरने एवढं करूनही आवाज तुमच्या कानापर्यंत येत असेल तर तो विषय टाळू नका.

आता तुमच्या गाडीला काय लागतं ते कुणाला विचारू नका, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. आतल्या बाजूला स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये मिळेल. माझ्या गाडीवर ९१ किंवा जास्त असं आहे. भारतात बीएस६ हे प्रदूषणाचं सरकारी मानक एप्रिल २०२० मध्ये आलं तेव्हा साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ९१ होतं. आणि इथे एक गोष्ट फार लोकांना माहीतच नाही. आता पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल म्हणजे ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर सांगितलंय की २० टक्के इथेनॉलमुळे पेट्रोलचं ऑक्टेन ९५ पर्यंत गेलंय. म्हणजे मी ९१ लागणाऱ्या गाडीत साधं पेट्रोल भरतानाच ९५ भरत होते, आणि वर ९५ साठी जास्तीचे पैसे देत होते!

हे कळल्यावर मी हिशोब केला. ऑक्टोबरात साधं लिटरला १०३ रुपये आणि वर काही पैसे, प्रीमियम ९५ त्याहून सहा-सात रुपये महाग. तीस लिटरला दोनशेच्या आसपास. १०० ऑक्टेन लिटरला दीडशेच्या पुढे, म्हणजे एका टाकीमागे साध्यापेक्षा चौदाशेहून जास्त, आणि माझी महिन्याला दीड टाकी जाते. मी ती १०० ची टाकी भरली होती ना, त्या टाकीवरही आवाज आला होता. जरा कमी होता, पण होता. तेव्हाच कळायला हवं होतं की रोग पेट्रोलमध्ये नाही.

मग आवाज नक्की नॉकिंगचाच आहे का ते बघा, कारण खडखड सगळ्याच गोष्टींची होते. गाडी गरम झाल्यावर आणि फक्त लोडवर, म्हणजे चढ, एसी, गाडीत चारजण, असं असताना येत असेल आणि पाय काढताच जात असेल तर नॉकिंग. सकाळी थंड असताना टिकटिक होऊन गाडी गरम झाल्यावर थांबत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) किंवा ऑइल बघा. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत रेस दिल्यावर एका ठराविक आरपीएमला पत्रा वाजल्यासारखं होत असेल तर बहुतेक सायलेन्सरवरचं पत्र्याचं कव्हर ढिलं झालेलं असतं, एका क्लॅम्पचं काम. आमच्या बी विंगमधल्या एका ताईंनी या पत्र्याच्या आवाजासाठी चार महिने प्रीमियम भरलं होतं.

माझा आवाज मात्र खराखुरा नॉकिंगचाच निघाला, त्याचा पुरावा प्लगवर मिळाला. आमचे नेहमीचे मेकॅनिक काका चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवतात. तिसऱ्या सिलेंडरचा प्लग त्यांनी उजेडात धरून मला दाखवला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके. बाकीच्या तीन प्लगांचा रंग बिस्किटासारखा तपकिरी, म्हणजे ठीक. काका म्हणाले, "ताई, हे ठिपके म्हणजे आत ठोके बसतायत. पेट्रोल बदलून जाणार नाही, इंजिन तापतंय कशाने ते शोधूया." प्लग जळून पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तर तापतोय, काजळीने काळा असला तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा गाडी फक्त जवळजवळच्या फेऱ्या मारतेय, हेही त्यांनीच सांगितलं. आणि कुणीतरी मधे प्लग बदलले असतील तर नंबर मॅन्युअलशी जुळवून बघा, चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे उष्णता पुरेशी बाहेर न टाकणारा प्लगही हा त्रास देतो.

मग मी ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल आणला, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवतो, आणि फोनवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान बघत चालवायला लागले. डॅशबोर्डवरचा काटा मधेच असतो म्हणून आपण निश्चिंत असतो, पण तो काटा बऱ्याच गाड्यांमध्ये एका मोठ्या टप्प्यात जागचा हलतच नाही. प्रत्यक्षात पवईला सिग्नलवर एसीसकट उभं राहिलं की आकडा १०४, १०५ पर्यंत जात होता आणि पंखा उशिरा, एकदम जोरात सुरू व्हायचा. काकांनी दोन मिनिटांत पकडलं, पंख्याचा लो स्पीड बंद होता. पंख्याचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर गेलेला. म्हणजे एसी लावल्यावर जो पंखा हळू हळू सतत फिरायला पाहिजे तो फिरतच नव्हता, इंजिन खूप तापल्यावर हाय स्पीडच तेवढा लागायचा. शिवाय रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर, दोघांच्या जाळीत मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ आणि पावसातला चिखल असा लिंपून बसलेला की बोटाने खरवडला तर पापुद्रा निघाला. इंजिनात येणारी हवा गरम, कूलंट गरम, म्हणजे मिश्रण आधीच तापलेलं, आणि तापलेलं मिश्रण लवकर स्वतःहून पेटतं. ऑक्टोबरातच का यायचं ते इथे कळलं. जाळी धुवून घेतली, रेझिस्टर बदलला, तोच सिग्नल तीच वेळ, आकडा ९५-९६ वर आला. आवाज निम्म्याहून कमी झाला. पण गेला नव्हता.

उरलेला निम्मा माझ्या पायात आणि हातात होता. काका एका संध्याकाळी माझ्या शेजारी बसून गांधीनगरपर्यंत आले. फ्लायओव्हरच्या पायथ्याशी स्पीड पंचवीस, मी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याहून खाली. डबा वाजला. काका म्हणाले, "दुसरा टाका." दुसरा टाकला, इंजिनाचा सूर वर गेला आणि आवाज गायब. मी म्हटलं, "पण काका, दुसऱ्यात पेट्रोल जास्त खाते ना?" ते म्हणाले, "तिसऱ्यात ओढून ओढून तुम्ही इंजिनाचा श्वास कोंडताय, ते काय कमी खातंय?" हे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि मला वाटतं मुंबईत नॉकिंगचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. आपल्याला क्लच आणि गिअरचा इतका कंटाळा येतो की पुढची गाडी दहा फूट सरकली तरी आपण तिसऱ्यातच, हाफ क्लच करत, आरपीएम हजार-बाराशेवर. कमी आरपीएमला आणि जास्त लोडला पिस्टन हळू सरकतो, मिश्रण दाबाखाली जास्त वेळ राहतं, आणि त्याला आपोआप पेटायला भरपूर वेळ मिळतो. टॅकोमीटर असेल तर चढावर अठराशे-दोन हजाराच्या खाली जाऊ देऊ नका, नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की इंजिन घुमतंय, गाडी थरथरतेय असं वाटलं की एक गिअर खाली. केम्प्स कॉर्नरहून मलबार हिलकडे चढणारे, घाटकोपरच्या असल्फ्याच्या गल्ल्यांत राहणारे, हे तुमच्यासाठी जास्त आहे.

तिसरं, कार्बन. रोज तेरा किलोमीटरसाठी तासभर गाडी रांगवली की इंजिन कधी मोकळा श्वास घेतच नाही, आत काजळीचा थर जमतो, तो थर जागा अडवून दाब वाढवतो आणि स्वतः तापून राहतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, आणि काकांच्या सांगण्यावरून दोन रविवार गाडी ईस्टर्न एक्स्प्रेसवरून ठाण्याच्या पुढे एकसारखी चालवून आणली, चौथ्या-पाचव्यात पण इंजिन मोकळं ठेवून. आता इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगते, अ‍ॅडिटिव्हवालं पेट्रोल तुम्हाला भरायचंच असेल तर ते या कामासाठी अधूनमधून भरा, इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरचा मळ कमी ठेवायला त्याचा उपयोग आहे. फक्त एका टाकीत चमत्कार होईल अशी आशा नको. आणि ते ९५ चं प्रीमियम म्हणजे इथेनॉल नसलेलं पेट्रोल, असंही समजू नका.

अ‍ॅव्हरेजबद्दल. नॉकिंगबरोबर लोक दुसरी तक्रार तीच करतात, आणि दोन्हीचा गुंता करून टाकतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच, ते गणितच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिली होती, आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के. २०२५ मध्ये मंत्रालयाने इतर गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के म्हटलं. माझ्या वहीत २०२२ ला १४.६ होतं, २०२५ ला १३.७, म्हणजे साधारण ६ टक्के. या सहा टक्क्यांसाठी मेकॅनिककडे गेलात तर त्याला काही सापडणार नाही, पण पंधरा-वीस टक्के पडलं असेल तर गाडीतच काहीतरी आहे, टायरची हवा, जाम झालेला ब्रेक, ऑक्सिजन सेन्सर, तिकडे बघा. आणि मोजायचं कसं, तर डिस्प्लेवरचा आकडा सोडून द्या. टाकी पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर पहिल्या कटपर्यंत भरा, किलोमीटर भागिले लिटर. असं सलग तीन टाक्या. कट झाल्यावर पंपावरच्या मुलाला "राउंड फिगर कर" म्हणून आणखी दाबायला लावू नका, वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो त्यात पेट्रोल जातं, मग गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते.

आता पेट्रोलचीच खरी चूक असते ती वेळ. माझ्याच गाडीला जुलैत एकदा झालं. तीन दिवस धो धो पाऊस, चौथ्या दिवशी गाडी स्टार्ट होऊन झटके खायला लागली, इंजिन लाइट लागला, स्कॅनरवर मिसफायरचा, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा कोड. मी थेट पंपाला दोष देऊन मोकळी झाले होते. काकांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवलं, थोड्या वेळाने बघितलं तर वर पेट्रोल आणि तळाशी बोटभर वेगळाच गढूळ थर. ई२० चं असंच असतं, इथेनॉल पाणी शोषून घेतं, थोडं पाणी असेपर्यंत सगळं एकजीव राहतं, पण मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतं, आणि टाकीतला पंप तर तळातूनच ओढतो. शिवाय इथेनॉल निघून गेल्यावर वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही उतरतं, म्हणजे तिथे नॉकिंगसुद्धा खरं. पण पाणी आलं कुठून? पंपावर त्या दिवशी भरलेल्या दुसऱ्या कुणाचीच तक्रार नव्हती. माझ्याच टाकीच्या झाकणाचा रबर चिरला होता आणि झाकणाच्या खोबणीतलं पाणी निघून जायचं भोक सोसायटीतल्या गुलमोहराच्या पाल्याने बुजलं होतं. पाणी साचून तिथून आत झिरपत होतं. मे महिन्यात एकदा ते भोक काडीने मोकळं करा आणि रबरावरून बोट फिरवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. टाकी रिकामी करून धुवायला लागते तेव्हा या पाच मिनिटांची किंमत कळते.

याच्यावरून आठवले ते फोनवर फिरणारे व्हिडिओ. पेट्रोलच्या बाटलीत थोडं पाणी टाकतात, हलवतात, आणि तळाचा थर टाकलेल्या पाण्यापेक्षा खूप मोठा दिसतो, मग ओरडतात की बघा पंपवाला पाणी विकतोय. तो थर म्हणजे पाण्याबरोबर खाली उतरलेलं इथेनॉल असतं. ई२० मध्ये ते व्हायलाच पाहिजे. पाणी न टाकताच खाली थर दिसला तर ती खरी तक्रार.

पंपावर संशय आला तर भांडण करायच्या आधी तपासणी मागा, तो तुमचा हक्क आहे आणि नाही म्हणायचा त्यांना अधिकार नाही. फिल्टर पेपर मागा, नोझलचं तोंड पुसून पेपरवर एक थेंब, दोनेक मिनिटांत उडून जायला हवा, तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय. माप कमी वाटत असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, त्यात २५ मिली इकडे तिकडे चालतं, त्यापेक्षा कमी भरलं तर वैध मापन विभागाकडे तक्रार. डेन्सिटी रोज लिहिलेली असते, पेट्रोलची १५ अंशाला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोमध्ये असते, पण नुसता आकडा या पट्ट्यात आहे म्हणून समाधान मानू नका, टँकरच्या चलनावरच्या डेन्सिटीशी तीनपेक्षा जास्त फरक नको, हे विचारायचं असतं. रॉकेलसारखं काही मिसळलं तर ऑक्टेन धाडकन खाली येतं आणि गाडी सगळीकडेच नॉक करते, फक्त चढावर नाही, हा फरक कानाने कळतो. भेसळीचा विषय हलका नाही. मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ भेसळ पकडायला गेले म्हणून जिवंत जाळलं, ते आपल्याच राज्यात घडलंय. म्हणून पावती घ्या, तारीख वेळ लिहून ठेवा, आणि खरंच पुरावा असेल तर तक्रार कराच. पण पुरावा नसताना कुठल्या पंपाचं नाव घेऊन फिरू नका. मुंबईत तर माहुललाच भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम अशा दोन रिफायनऱ्या आहेत, आणि कुठल्याही कंपनीचं साधं पेट्रोल एकाच सरकारी मानकात बसावं लागतं. अमक्या कंपनीचं चांगलं तमक्याचं वाईट असं नसतं, पंप चांगला किंवा वाईट असतो. जिथे गर्दी असते, टँकर रोज खाली होतो, तिथे भरा.

जुन्या गाड्यांचं वेगळं आहे. आमच्या मजल्यावरचे काका २००६ ची गाडी अजून जिवापाड सांभाळतात. ते म्हणाले, "अगं, लिफ्टपर्यंत पेट्रोलचा वास येतोय." बघितलं तर इंजिनाजवळचा पेट्रोलचा रबरी पाइप फुगून मऊ पडला होता आणि क्लॅम्पपाशी ओला. चिमटीत दाबला तर बारीक भेगा उघडल्या. एवढ्या जुन्या गाड्यांचे रबर इथेनॉल चालेल असे नसतात. ते पाइप, ओ-रिंग आणि फिल्टर इथेनॉलला चालणारे बदलून घ्या, पेट्रोलचा वास आला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, गाडी बंद करून ठेवा, हा आगीचा विषय आहे. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत फिल्टर चोंदतो, तोही एकदा बदला. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना हा पार्टचा प्रश्न नाही.

आणि टर्बोवाले. माझ्या दादाची टर्बो पेट्रोल आहे, त्याच्या झाकणावर ९५ लिहिलंय. त्याला मी काटकसर कर असं अजिबात सांगत नाही. टर्बो हवा दाबूनच आत ढकलतो, तिथे ऑक्टेन खरंच कामाला येतं, आणि सामान भरून, पाचजण बसवून मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढायचा असेल तर जास्त ऑक्टेनचं भरायला हरकत नाही. आधीचं साधं टाकीत असताना वर प्रीमियम भरलं तर काही बिघडत नाही, दोन्ही मिसळतात, ऑक्टेन मधलं कुठलं तरी होतं.

सकाळी भरलं तर जास्त मिळतं वगैरे सोडून द्या, पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, गावाला जाणार असाल, तर आपल्या दमट हवेत अर्धी टाकी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवा, मोकळी जागा कमी म्हणजे आत दमट हवा कमी.

माझ्या गाडीत जाळी, रेझिस्टर, गिअर आणि कार्बन एवढं झाल्यावर साधं पेट्रोलच चालू आहे, आणि गांधीनगरचा फ्लायओव्हर संध्याकाळी एसीसकट दुसऱ्यात गप्प चढते. पुढच्या सर्व्हिसला तिसरा प्लग परत काढून बघायचाय, ठिपके नवीन आलेत का ते. तुमच्याकडे हे सगळं करूनही आवाज राहिला तर नॉक सेन्सर आणि त्याची वायर तपासा, कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा बघायला सांगा, तो प्लसमध्ये दहाच्या वर सतत राहत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे फ्युएल पंप कमजोर, इंजेक्टर चोंदलेला किंवा कुठेतरी हवा आत खेचली जातेय. आणि तोवर घाटात गाडी रेटू नका, सतत नॉक होऊन पिस्टनला भोक पडलं तर इंजिन उघडावं लागतं.